दुभाष्याचें काम

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीनिमित्त, दुसऱ्या दिवशीं सायंकाळच्या मिस्सानंतर देवळांत दिलेलें व्याख्यान)



काल आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास आपण ऐकला. पहिल्या मिस्सासाठीं घातलेला मांडव, पायाभरणीसाठीं बैलगाडीनें आणलेले दगड, शाळेची पहिली खोली, हें सर्व वडील मंडळींच्या तोंडून ऐकतांना कोणाचेंहि अंतःकरण भरून यावें. अशा आनंदाच्या दुसऱ्याच दिवशीं अवघड विषय काढणें म्हणजे पंगतींत बसून यजमानाच्या कर्जाची चौकशी करण्यासारखें आहे, हें मी जाणतों. तथापि महोत्सव समितीनें विषयाची निवड माझ्यावर सोंपविली आहे, आणि ती मोकळीक मी घेणार आहें.

माझा विषय असा : जी श्रद्धा आपणांस लाभली ती दुसऱ्याजवळ बोलून दाखविणें इतकें कठीण कां वाटतें, आणि तें कठीण वाटत असतां धीर कोठून आणावा?

हा विषय मी पुस्तकांतून काढलेला नाहीं. महोत्सवाच्या निमित्तानें यंदा मी तुमच्या घरोघर फिरलों, तेव्हां तो तुम्हीच माझ्या पदरांत टाकला. एक गृहस्थ तीस वर्षें मुंबईच्या कचेरींत नोकरी करीत आहेत. ते मला म्हणाले, "फादर, मी ख्रिस्ती आहें हें कचेरींत सर्वांना ठाऊक आहे, कारण नाताळांत माझ्या घरचा केक येतो. पण केकापलीकडे गोष्ट कधीं गेली नाहीं." त्यांच्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्याची पत्नी वारली. हे समाचाराला गेले. मरणाविषयीं, पुनरुत्थानाविषयीं आपण काय मानतों तें त्या माणसाला सांगावें असें मनांत फार आलें. तासभर बसले, चहा घेतला व परत आले. शब्द घशांतच राहिला.

दुसऱ्या घरीं एक माता डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझा मुलगा कॉलेजांत जातो. तो विचारतो, या सर्वांचा उपयोग काय? मला येतात त्या प्रार्थना माझ्या आजीनें शिकविलेल्या, आमच्या वाडीच्या बोलींतल्या. तो इंग्रजींत विचारतो. मी त्याला काय सांगूं?" आणि तिसऱ्या घरीं एक तरुण जरा तापूनच बोलला : "आजकाल आपण तोंड उघडलें कीं लोक म्हणतात, हा बाटवायला आला. मग गप्प बसावें हेंच बरें नव्हे काय?"

संकोच, अज्ञान आणि भय, अशा या तीन निरनिराळ्या अडचणी आहेत. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. या तिघांपैकीं कोणाचीहि श्रद्धा मेलेली नाहीं. मेलेल्या श्रद्धेला सांगण्याची अडचण कधींच पडत नाहीं. ज्याच्या घशांत शब्द अडकतो त्याच्यापाशीं शब्द आहे.

त्या तरुणाच्या प्रश्नाचा निकाल मी आधींच लावतों, कारण त्याला फार वेळ लागणार नाहीं. भारताच्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास आपल्या विवेकाप्रमाणें वागण्याचें, आपला धर्म मानण्याचें, आचरण्याचें आणि त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलेलें आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, आपल्या धर्माचीं तत्त्वें सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचें धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे. त्या निकालावर वकील मंडळींनीं पुष्कळ वाद घातला आहे. तो त्यांनीं घालावा. माझें सांगणें एवढेंच कीं, जबरदस्तीनें अथवा आमिष दाखवून कोणासहि ख्रिस्ताकडे ओढूं नये हें आपल्या पवित्र ख्रिस्तसभेनें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेंत १९६५ सालींच निक्षून सांगितलें आहे. लांच देऊन जें मिळतें ती श्रद्धा नव्हे. तेव्हां आज मी ज्याविषयीं बोलत आहें तें कोणाला बाटविणें नव्हे. कोणी विचारलें असतां, किंवा कोणी दुःखांत असतां, आपल्या अंतःकरणांत काय आहे तें प्रामाणिकपणें उघडें करणें, एवढेंच तें आहे. आणि एवढेंच फार कठीण आहे.

तें किती कठीण आहे हें पाहावयाचें असेल तर संत पौलाकडे पाहा. आपण त्याचें चित्र पाहतों तें हातांत तलवार घेतलेलें; आपणांस वाटतें, या पुरुषाला भय कसलें! परंतु तो करिंथ नगरांत आला तेव्हां त्याची स्थिति निराळी होती. नुकताच तो अथेन्स येथें विद्वानांच्या सभेंत बोलला होता. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचें नांव निघतांच कांहीं जण हंसले, कांहींनीं पुन्हां केव्हां तरी ऐकूं म्हणून सांगितलें. मोजक्याच माणसांनीं विश्वास ठेवला. तेथून निघून करिंथला पोहोंचलेल्या पौलानें पुढें तेथल्याच लोकांना पत्र लिहितांना कबूल केलें आहे कीं, तुमच्याकडे आलों तेव्हां मी दुर्बल होतों, भ्यालेला होतों, थरथरत होतों. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायांत आपण वाचतों कीं, प्रभूनें रात्रीं दर्शन देऊन त्याला धीर दिला. पण कोणता धीर दिला? तुझें वक्तृत्व सुधारेल असें प्रभु म्हणाला नाहीं; विरोधक नाहींसे होतील असेंहि म्हणाला नाहीं. आपण त्याच्याबरोबर आहों आणि या नगरांत आपलीं पुष्कळ माणसें आहेत, असें त्यानें सांगितलें. त्यांपैकीं बहुतेकांना पौलानें अजून पाहिलेंहि नव्हतें. प्रभूच्या हिशेबीं तीं आधींच त्याचीं होतीं. मग पौल त्या नगरांत दीड वर्ष राहिला.

आतां मी तुम्हांस आपल्याच मातींतल्या माणसाकडे नेतों. संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव न ऐकलेला ख्रिस्ती वसईंत सांपडणार नाहीं. गास येथें त्यांचें देऊळ आहे. त्यांच्या नांवाच्या शाळा, मंडळें आपल्यांत आहेत. परंतु सण आपण इतके थाटानें करतों कीं, ज्याचा सण तो मनुष्य जगांत काय करीत होता हें बहुधा विचारीतच नाहीं.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता येथलीच. किल्ल्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती, तेथें तो शिकला. पंधरा वर्षांचा असतां धर्मगुरूंबरोबर तो जपानला गेला. तेथें सुमारें आठ वर्षें त्यानें धर्मशिक्षक व मदतनीस म्हणून काम केलें, आणि ती भाषा अशी उचलली कीं, जपानी माणसालाहि ती परक्याची वाटूं नये. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. तेव्हां त्यानें संघाचा निरोप घेतला आणि व्यापार धरला. व्यापारांत त्याचें बरें चाललें, असें दिसतें. पण मन रमेना. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत साधा धर्मबंधु म्हणून दाखल झाला. धर्मगुरु तो कधींच झाला नाहीं. मिस्सा अर्पण करण्याचा, पापक्षमा देण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो तुमच्यासारखाच होता, हें विशेषतः ध्यानांत घ्या.

१५९३ मध्यें फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठविलें. वकील विद्वान, पवित्र, वयानें मोठे. पण त्यांना जपानी भाषा येत नव्हती. म्हणून त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून बंधु गोन्सालोला धाडलें. दरबारांत जो बोलला तो वसईचा मुलगा, आणि बोलला तें दुसऱ्याचें. पुढें मियाको नगरांत, ज्याला आज क्योटो म्हणतात, त्या धर्मगुरूंनीं देऊळ बांधलें, रोग्यांसाठीं रुग्णालय काढलें. तेथेंहि गोन्सालोचें काम तेंच. इकडचें तिकडे पोहोंचविणें.

दुभाष्याच्या कामाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या बाजारांत, कोर्टांत, इस्पितळांत अशीं माणसें दिसतात. खेड्यांतली म्हातारी डॉक्टरापुढें बसलेली असते आणि तिची नात दोघांच्या मध्यें बोलत असते. त्या नातीजवळ औषधाचें ज्ञान नाहीं. रोग बरा करणें तिच्या हातीं नाहीं. पण ती गप्प बसली तर म्हातारीचें दुखणें डॉक्टराला कळणार नाहीं आणि डॉक्टराचें औषध म्हातारीला समजणार नाहीं. तिनें दोनच गोष्टी सांभाळावयाच्या : पदरचें घालूं नये, आणि सांगितलेलें गाळूं नये. म्हातारीनें औषध घेतलें नाहीं तर त्याचा दोष नातीच्या माथीं नाहीं.

बंधुभगिनींनो, आपला बहुतेक संकोच येथेंच उत्पन्न होतो. आपण दुभाष्याचें काम सोडून वैद्याचें अंगावर घेतों. ऐकणाऱ्याला पटलें पाहिजे, त्याचा प्रत्येक आक्षेप खोडला पाहिजे, नाहीं तर आपण हरलों, असें आपणांस वाटतें. मग भय वाटेल नाहीं तर काय? हृदय पालटणें हें पवित्र आत्म्याचें काम आहे. तें आपल्या माथ्यावर कोणीं ठेवलेलेंच नाहीं. परंतु दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात, हेंहि विसरूं नका. कचेरींतल्या त्या सहकाऱ्याची त्या दिवशींची भाषा दुःखाची होती. ती भाषा आपल्या गृहस्थांना येत होती, कारण त्यांनींहि आपली वडील बहीण त्याच्या आदल्या वर्षीं पुरली होती. "माझी बहीण गेली तेव्हां मला अमुक एका गोष्टीनें आधार दिला," एवढें वाक्य पुरें होतें. त्याला धर्मशास्त्र लागत नाहीं.

(येथें जातां जातां एक गोष्ट बोलून टाकतों. रोज पहाटे साऱ्या ओळखीच्या लोकांना व्हॉट्सॲपवर फुलापानांची चित्रें व त्यांवर वचनें पाठविणें म्हणजे श्रद्धा सांगणें, अशी कित्येकांची समजूत झालेली दिसते. कांहींजण मलाहि पाठवितात. त्यांच्या प्रेमाबद्दल मी आभारी आहें. पण दुभाष्या समोरच्या माणसाचा चेहरा पाहून बोलत असतो.)

आतां गोन्सालोच्या कामाचें फळ पाहा. १५९६ मध्यें स्पेनचें एक जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्याला लागलें. त्यावरून हे धर्मगुरु म्हणजे परक्या राजाचे पुढें धाडलेले हस्तक होत, असा संशय दरबारांत बळावला. आपल्या तरुण मित्राला सांगावेंसें वाटतें कीं, हा संशय कांहीं आजचा नाहीं. डिसेंबरांत धरपकड झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी गृहस्थ व मुलें, अशा सव्वीस जणांना, बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यांत महिनाभर चालवीत नागासाकीस नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर बांधून भाल्यांनीं भोंसकलें. त्या सव्वीसांत गोन्सालो होता. चाळिशीच्या आंतबाहेर त्याचें वय. त्या टेकडीवरून त्यानें काय पाहिलें असेल? मियाकोचें देऊळ गेलें होतें, रुग्णालय गेलें होतें, ज्यांना शिकविलें त्यांतले कित्येक शेजारच्या क्रूसांवर होते. कार्याचा अहवाल लिहावयाचा असता तर अपयश हाच शब्द लिहावा लागला असता. आणि पुढें याहून वाईट काळ आला. १६१४ मध्यें साऱ्या जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढें ख्रिस्ताच्या व पवित्र मातेच्या प्रतिमेवर पाय द्यावयास लावून लोकांची परीक्षा घेऊं लागले. एकहि धर्मगुरु उरला नाहीं.

यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद दिलें. पुढें जपाननें परदेशीयांना बंदरें उघडलीं होतीं म्हणून नागासाकींत ओउरा येथें फ्रेंच धर्मगुरूंनीं तेथील परदेशी व्यापाऱ्यांकरितां एक देऊळ बांधलें, आणि तें याच सव्वीस रक्तसाक्षींना वाहिलें. म्हणजे आपल्या गोन्सालोलाहि. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं त्या देवळाच्या दाराशीं दहापंधरा गांवकरी येऊन उभे राहिले. फादर पेतिजां यांनीं दार उघडलें व आंत जाऊन ते प्रार्थनेला गुडघे टेकून बसले. तेव्हां त्या लोकांतली एक स्त्री जवळ आली आणि हळूच म्हणाली कीं, आमचें अंतःकरण आणि तुमचें अंतःकरण एकच आहे. मग तिनें विचारलें कीं, पवित्र मारियेची मूर्ति कोठें आहे?

तीं उराकामी या जवळच्याच गांवचीं माणसें होतीं. सात पिढ्या त्यांनीं धर्मगुरु पाहिला नव्हता. त्यांच्यांत एकानें सणवारांची दिनदर्शिका सांभाळावी, एकानें लेकरांना बाप्तिस्मा द्यावा, अशी व्यवस्था होती. बाकी सर्व आयांनीं व आज्यांनीं घरांत, बहुधा रात्रीं, कुजबुजत शिकविलें. बोलतां बोलतां त्यांनीं फादरांना सांगितलें कीं, सध्यां आम्ही दुःखाचा काळ पाळीत आहों आणि आज त्याचा सतरावा दिवस. तुम्ही हिशेब करून पाहा. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. दोनशें वर्षांहून अधिक काळ, धर्मगुरूवांचून, छापील पुस्तकावांचून, उपवासकाळाचा एक दिवसहि चुकला नव्हता!

उराकामीच्या पूर्वजांना धर्म शिकविणारे बहुतेक येशूसंघीय होते. गोन्सालोचें काम मियाकोकडे झालें. तेव्हां त्या स्त्रीची श्रद्धा हें गोन्सालोच्या कामाचें फळ, असा हिशेब मी मांडीत नाहीं. असा हिशेब मांडण्याची आपली खोडच आपणांस निरुत्साही करते. एकानें बोललेला शब्द कोणत्या घरांत उतरला, कोणत्या आजीच्या तोंडून कोणत्या नातवाकडे गेला, हें सांगणाऱ्याला दाखविण्याचा परमेश्वराचा रिवाज नाहीं. ज्या संघानें गोन्सालोला घेतलें नाहीं त्या संघाच्या शेतांत पीक उभें राहिलें, आणि जें देऊळ गोन्सालोच्या नांवें उभें होतें त्याच्या दारांत तें प्रगट झालें. याहून अधिक मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. त्या लोकांचे हाल मात्र तेथें संपले नाहींत. १८६७ पासून पुन्हां धरपकड झाली, तीन हजारांहून अधिक गांवकऱ्यांना दूर दूर हद्दपार केलें, त्यांतले सहाशेंहून अधिक परत आले नाहींत. १८७३ मध्यें बंदी उठली. आज निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांचें स्मारक आहे; १९६२ मध्यें तें उभारलें. २०१९ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं तेथें जाऊन प्रार्थना केली. त्या रांगेंत वसईचा दुभाष्या आहे.

जपान दूर आहे असें कोणी म्हणेल, तर आपल्या भाषेंतलीच साक्ष घ्या. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांचें ख्रिस्तपुराण राशोल येथें छापून निघालें १६१६ मध्यें. मध्यें सदतीस वर्षें गेलीं. इंग्लंडांत जन्मलेल्या माणसानें दहा हजारांहून अधिक ओव्या मराठींत रचाव्या, हें नवल तर आहेच. पण तो ग्रंथ कां रचला याची हकीकत ग्रंथांतच आहे. नव्या ख्रिस्ती झालेल्यांतल्या एकानें विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें सुटलीं, मग आम्ही आतां वाचावें ऐकावें काय? स्टीफन्स यांनीं आधीं प्रश्न ऐकला आणि प्रश्न विचारणाऱ्याच्याच छंदांत उत्तर दिलें. छापलेल्या प्रती पुढें नाहींशा झाल्या, तरी मंगळूरकडच्या ख्रिस्ती घराण्यांनीं हस्तलिखितें जपलीं, आणि त्यांच्या आधारें १९०७ मध्यें तो ग्रंथ पुन्हां छापला गेला. तेथेंहि घरांनींच राखलें.

आणि आपलीं घरें? १७३९ मध्यें वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतला, पोर्तुगीज धर्मगुरु गेले, पुष्कळ देवळें ओस पडलीं. तरी आज आपण येथें आहों. बागाईत राखतां राखतां, पानवेलीला पाणी घालतां घालतां, केळीचे घड खांद्यावरून उतरवीत असतां कोणीतरी कोणाला जपमाळ शिकविली म्हणून आपण आहों. त्या शिकविणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव कालच्या व्याख्यानांत आलें नाहीं, येणेंहि शक्य नव्हतें.

म्हणून त्या मातेला मी तिच्या घरीं जें उत्तर दिलें तेंच येथें सर्वांसमक्ष देतों. बाई, तुमच्या मुलाच्या इंग्रजी प्रश्नाला तुम्ही इंग्रजींत उत्तर देऊं नका. तो विचारतो, उपयोग काय? तुम्ही त्याला सांगा कीं, ज्या वर्षीं पूर आला व बाग गेली त्या वर्षीं तुमच्या आजीनें कोणती प्रार्थना म्हटली. तो हंसला तर हंसूं द्या. अथेन्सचे विद्वानहि हंसले. तो निघून गेला तर जाऊं द्या. पण त्याच्या कानांवर तें एकदां पडूं द्या. बाकीचें काम ज्याचें आहे तो करील.

आतां शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. महोत्सव समितीपुढें मी अशी सूचना ठेवली आहे कीं, आपल्या वाड्यांतल्या वृद्ध स्त्रियांना तोंडपाठ असलेल्या जुन्या प्रार्थना, उपवासकाळचीं गीतें, निजतांना लेकरांच्या कपाळावर क्रूसाची खूण करतांना म्हणावयाचे शब्द, हें सर्व त्यांच्याच बोलींत लिहून घ्यावें. समितीनें ती मान्य केली आहे. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या मोठ्या खोलींत आपण बसूं. लिहून घेण्याचें काम कॉलेजच्या मुलामुलींनीं करावयाचें आहे, आणि प्रत्येकानें आपल्याच आजीपुढें वही घेऊन बसावें असें मीं ठरविलें आहे. ज्यांना आजी नाहीं त्यांना आम्ही एक नेमून देऊं. ज्या आज्यांना देवळापर्यंत चालवत नाहीं त्यांनीं घरींच थांबावें. मुलें त्यांच्याकडे येतील. एखादा शब्द मुलाला समजला नाहीं तर त्यानें तो ओलांडून पुढें जाऊं नये. आजीला विचारावें, आणि आजीनें सांगावें.